सरकारी विभागांचे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांचे वार्षिक अहवाल कसे वाचावेत

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक संस्थेला वर्षातून एकदा आपल्या कामाचा आणि खर्चाचा हिशेब लेखी मांडावा लागतो. हे बंधन जुने आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत सार्वजनिक पैशाच्या जमाखर्चाचे विवरण वेळोवेळी प्रसिद्ध करण्याची अट आहे, आणि फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पंधराव्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक अधिकाऱ्याकडून त्याच्या कारभाराचा जाब मागण्याचा हक्क समाजाला दिला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ९८ व्या कलमानुसार महासचिवांनी संघटनेच्या कार्याचा वार्षिक अहवाल महासभेपुढे ठेवायचा असतो, तर २४ व्या कलमानुसार सुरक्षा परिषदेलाही महासभेला वार्षिक अहवाल सादर करावा लागतो.

बंधनातून जन्मलेला हा दस्तऐवज वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. त्याचा काही भाग संस्थेला सांगायचा असतो म्हणून लिहिलेला असतो आणि काही भाग नियमाने सांगायला लावला म्हणून. पहिला भाग पुढे असतो, ठळक अक्षरांत असतो आणि छायाचित्रांनी सजवलेला असतो. दुसरा मागे, बारीक अक्षरांत आणि तक्त्यांच्या खाली असतो. संस्थेने लावलेल्या क्रमाने वाचत गेलेला वाचक बहुतेक वेळा पहिल्या भागातच थकतो. म्हणून माझ्या मते असा अहवाल मागून पुढे वाचावा: आधी लेखापरीक्षकाचे मत, मग लेखे आणि त्यांवरील टिपा, त्यानंतर कामगिरीचे तक्ते, आणि सगळ्यात शेवटी अध्यक्षांचे किंवा मंत्र्यांचे मनोगत. शिवाय अहवाल एकट्याने वाचू नये. त्याच्या शेजारी आदल्या वर्षाचा अहवाल आणि त्या वर्षासाठी मंजूर झालेला अर्थसंकल्प ही दोन कागदपत्रे उघडी असली पाहिजेत, कारण अहवालातला बहुतेक आकडा तुलनेशिवाय मुका असतो.

उघडण्यापूर्वी

प्रथम हे ठरवावे की आपल्या हातात नेमका कोणता अहवाल आहे. एकाच सरकारचे एकाच वर्षाबद्दल अनेक अहवाल असतात. एखाद्या विभागाचा कार्य अहवाल, त्याच विभागाचे लेखे, संपूर्ण सरकारचे एकत्रित लेखे आणि सरकारचे हिशेब तपासणाऱ्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थेचा अहवाल हे चार वेगळे दस्तऐवज आहेत, आणि एका अहवालातील आकडा दुसऱ्यात सापडला नाही म्हणून लगेच गैरव्यवहाराचा संशय घेण्याचे कारण नसते. संयुक्त राष्ट्रांच्या बाबतीत क्रमांकांची पद्धत मदतीला येते. महासभेच्या दस्तऐवजांत अधिवेशनाच्या क्रमांकानंतर १ हा आकडा असलेला दस्तऐवज महासचिवांचा कार्य अहवाल असतो, २ म्हणजे सुरक्षा परिषदेचा, ४ म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा, आणि ५ या क्रमांकाखाली लेखापरीक्षण झालेली वित्तीय विवरणे येतात. वृत्तपत्रांत गाजतो तो बहुधा १ क्रमांकाचा दस्तऐवज, पण पैशाचे काय झाले हे ज्याला पाहायचे आहे त्याने थेट ५ क्रमांकाकडे जावे.

त्यानंतर अहवालाचे वर्ष तपासावे. कॅलेंडरचे वर्ष आणि वित्तीय वर्ष यांची गल्लत ही नवशिक्या वाचकाची सर्वांत मोठी अडचण असते. ब्रिटन आणि भारताचे वित्तीय वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे ऑक्टोबर ते सप्टेंबर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे जुलै ते जून असे असते. जागतिक बँकेचे वर्ष ३० जूनला संपते, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे ३० एप्रिलला. संयुक्त राष्ट्रांचा नियमित अर्थसंकल्प जानेवारी ते डिसेंबर असा चालतो, पण त्यांच्याच शांतिसेनांचा हिशेब जुलै ते जून असा ठेवला जातो. दोन संस्थांच्या २०२३ च्या आकड्यांची तुलना करताना त्या दोन २०२३ मध्ये अनेक महिन्यांचे अंतर असू शकते. जुन्या आकड्यांच्या मालिका पाहताना तर आणखी सावध राहावे लागते: अमेरिकेने १९७६ मध्ये वर्षाची सुरुवात जुलैऐवजी ऑक्टोबरला नेली तेव्हा मधल्या तीन महिन्यांचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागला, आणि ती तिमाही कोणत्याच वर्षात बसत नाही.

अहवाल प्रसिद्ध झाल्याची तारीखही टिपून ठेवावी. देशोदेशींच्या अर्थसंकल्पी पारदर्शकतेचे मोजमाप करणाऱ्या ओपन बजेट सर्व्हेमध्ये वर्षअखेरचा अहवाल वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत आणि लेखापरीक्षण अहवाल अठरा महिन्यांच्या आत प्रसिद्ध झाला तरच तो जनतेला उपलब्ध झाला असे धरले जाते. हे निकष मुळीच कडक नाहीत. त्याहून उशिरा आलेला अहवाल इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल, पण त्यावरून पुढच्या वर्षीचा खर्च सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते. आणि सतत उशीर होत असेल तर लेखे ठेवण्याची यंत्रणाच कमकुवत आहे, की कोणाला तरी उशीर सोयीचा आहे, हा प्रश्न विचारणे योग्य ठरते.

लेखापरीक्षकाचे मत

वाचनाची खरी सुरुवात येथे करावी. हे मत बहुधा दोन-तीन पानांचे असते, त्याची भाषा ठरावीक साच्याची असते, आणि त्या साच्यामुळेच ते वाचायला सोपे असते, कारण नेहमीच्या वाक्यापेक्षा वेगळे असे जे काही आढळेल तेथेच लक्ष द्यायचे असते. मताचे चार प्रकार आहेत. लेखे वास्तव चित्र दाखवतात असे लेखापरीक्षकाने निःसंदिग्धपणे म्हटले तर ते स्वच्छ मत होय. एखादी ठरावीक बाब वगळता बाकीचे लेखे ठीक आहेत असे म्हटले तर ते अपवादासह दिलेले मत. चुका इतक्या मोठ्या आणि पसरलेल्या असतील की लेख्यांवर विसंबताच येत नाही, तर मत प्रतिकूल असते. आणि मत बनवण्याइतका पुरावाच मिळाला नाही, तर लेखापरीक्षक मत देण्यास असमर्थता व्यक्त करतो. हा चौथा प्रकार अनेकांना सौम्य वाटतो. प्रत्यक्षात तो अत्यंत गंभीर असतो, कारण आकडे बरोबर आहेत की चूक हेही कोणाला सांगता येत नाही असा त्याचा अर्थ होतो.

अशी मते केवळ दुबळ्या राज्यव्यवस्थांनाच मिळतात असे नाही. अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे एकत्रित लेखे १९९७ या वित्तीय वर्षापासून लेखापरीक्षणासाठी सादर होतात, आणि तेव्हापासून तेथील लेखापरीक्षण संस्थेला त्यांवर मत देता आलेले नाही. संरक्षण विभागाच्या आर्थिक व्यवस्थापनातील दोष, सरकारी विभागांमधील परस्पर व्यवहारांचा न जुळणारा हिशेब आणि एकत्रीकरणाच्या प्रक्रियेतील उणिवा ही त्याची दरवर्षी सांगितली जाणारी कारणे आहेत. ब्रिटनमध्ये कामगार व निवृत्तिवेतन विभागाच्या लेख्यांवर १९८८-८९ पासून दरवर्षी अपवादासह मत दिले गेले आहे, कारण लाभांच्या वाटपात फसवणूक आणि चुका यांचे प्रमाण मोठे आहे; मात्र वृद्धापकाळाचे सरकारी निवृत्तिवेतन या अपवादातून वगळलेले असते, कारण त्यात चुका कमी आढळतात. अपवाद नेमका कशाबद्दल आहे हे वाचल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही, हे या उदाहरणातून दिसते.

युरोपीय संघाच्या बाबतीत मत दोन भागांत येते आणि बातम्यांमध्ये त्या दोहोंची हटकून सरमिसळ होते. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालय, म्हणजे नावात न्यायालय असले तरी संघाचे हिशेब तपासणारी संस्था, एकीकडे लेखे विश्वसनीय आहेत की नाही हे सांगते, आणि २००७ या वर्षापासून त्याचे उत्तर होकारार्थी आहे. दुसरीकडे, खर्च नियमांनुसार झाला की नाही यावर ते स्वतंत्र मत देते, आणि २०१९ पासून तेथे प्रतिकूल मत आलेले आहे. नियमबाह्य खर्चाचे अंदाजित प्रमाण २०२२ मध्ये ४.२ टक्के आणि २०२३ मध्ये ५.६ टक्के होते, तर सहन करण्याजोगी मर्यादा २ टक्क्यांची मानली जाते. या टक्क्यांचा अर्थ तितका पैसा चोरीला गेला असा लावणे चूक आहे. निविदेचा नियम मोडला गेला, अपात्र खर्च दावा करून मिळवला गेला, कागदपत्रे अपुरी होती, अशा साऱ्या बाबी त्यात मोडतात आणि फसवणूक हा त्यांतील एक छोटा भाग असतो. पण म्हणून तो आकडा दुर्लक्ष करण्याजोगाही ठरत नाही.

मतासोबत लेखापरीक्षकाची नेमणूक कोण करते आणि त्याला हटवणे कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे. संयुक्त राष्ट्रांचे लेखापरीक्षण मंडळ १९४६ मध्ये स्थापन झाले आणि त्यावर तीन सदस्य देशांच्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थांचे प्रमुख असतात, ज्यांची नेमणूक महासभा करते. म्हणजे ज्यांच्या कारभाराची तपासणी होते त्या सचिवालयाच्या हाती ही नेमणूक नसते. ज्या संस्थेत कार्यकारी प्रमुखच लेखापरीक्षक निवडतो, तेथील स्वच्छ मतावर किती विसंबायचे हे वाचकाने स्वतः ठरवावे.

रोख की उपार्जित

लेख्यांकडे वळल्यावर ते कोणत्या पद्धतीने ठेवले आहेत, हे पहिल्या किंवा दुसऱ्या टिपेत दिलेले असते. रोख पद्धतीत पैसा आला किंवा गेला तेव्हाच नोंद होते. उपार्जित पद्धतीत देणे किंवा येणे निर्माण झाले की नोंद होते, मग पैसा हातात आलेला असो वा नसो. न्यूझीलंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संपूर्ण सरकारचे लेखे उपार्जित पद्धतीने मांडून पुढाकार घेतला. भारताचे केंद्र सरकार आजही मुख्यतः रोख पद्धत वापरते. आंतरराष्ट्रीय संस्थांपैकी जागतिक अन्न कार्यक्रमाने २००८ मध्ये सार्वजनिक क्षेत्रासाठीची आंतरराष्ट्रीय लेखामानके, म्हणजे इप्सास, सर्वप्रथम स्वीकारली आणि संयुक्त राष्ट्र सचिवालयाने ती २०१४ पासून लागू केली.

रोख पद्धतीच्या लेख्यांत मार्चअखेरची बिले एप्रिलमध्ये ढकलली की खर्च कमी दिसतो, आणि कर्मचाऱ्यांच्या भावी निवृत्तिवेतनाचे ओझे तर दिसतच नाही. उपार्जित पद्धतीत ते दिसते, पण तेथे अंदाज बांधण्याला वाव वाढतो. एका पद्धतीवरून दुसरीवर गेलेल्या संस्थेच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरळ तुलना करू नये.

अंदाज आणि प्रत्यक्ष

इप्सासच्या २४ व्या मानकानुसार, जी संस्था आपला अर्थसंकल्प जाहीर करते तिने मूळ अर्थसंकल्प, अंतिम अर्थसंकल्प आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी ठेवून त्यांतील मोठ्या फरकांची कारणे द्यावी लागतात. माझ्या दृष्टीने साऱ्या अहवालात हा तक्ता सर्वांत बोलका असतो. ज्या सरकारांनी ही मानके स्वीकारलेली नाहीत त्यांच्याकडेही विनियोजन लेख्यांसारख्या नावाने हीच तुलना मिळते.

येथे बहुतेक वाचक अंतिम अर्थसंकल्प आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फरक पाहतात आणि तो किरकोळ दिसला की पुढे जातात. खरे तर मूळ आणि अंतिम यांतील फरक अधिक सांगून जातो. पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेली जादा तरतूद) आणि पुनर्विनियोजन (एका बाबीची तरतूद दुसरीकडे वळवणे) यांच्या साहाय्याने वर्षाच्या शेवटी अर्थसंकल्पच खर्चाच्या मापाने बेतून घेता येतो, आणि मग अंतिम तक्त्यात सारे काही नीट जुळलेले दिसते. कोणत्या शीर्षाखालील, म्हणजे खर्चाच्या कोणत्या बाबीची, तरतूद कापली गेली आणि ती कोठे वळवली गेली, हे ओळीओळीने पाहावे. दरवर्षी त्याच शीर्षाखाली मोठी तरतूद होत असेल आणि दरवर्षी ती वळवली किंवा परत केली जात असेल, तर ती तरतूद घोषणेसाठी केलेली आहे असे मानायला हरकत नाही. खर्चाचे मासिक किंवा तिमाही आकडे उपलब्ध असतील तर शेवटच्या महिन्यात किती टक्के रक्कम खर्ची पडली तेही पाहावे. निधी परत जाऊ नये म्हणून केलेली घाईची खरेदी तेथे उघडी पडते.

कमी खर्च म्हणजे बचत, ही समजूतही बाजूला ठेवावी लागते. भरतीच झाली नाही म्हणून वेतनाचे पैसे उरले, तर काम झाले नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

आंतरराष्ट्रीय संस्थांच्या बाबतीत खर्चाइतकेच उत्पन्नाकडे लक्ष द्यावे, कारण संस्थेवर कोणाचा प्रभाव आहे ते तेथे कळते. सदस्य देशांवर ठरावीक प्रमाणात आकारलेली वर्गणी आणि देणगीदारांनी स्वेच्छेने दिलेला निधी असे त्याचे दोन मुख्य प्रवाह असतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अर्थसंकल्पात एका देशाची वर्गणी जास्तीत जास्त २२ टक्के आणि कमीत कमी ०.००१ टक्के असते. जागतिक आरोग्य संघटनेत मात्र ठरावीक वर्गणीचा वाटा एक पंचमांशाहूनही खाली घसरला होता आणि बाकीचा बहुतेक निधी विशिष्ट कामांसाठी बांधून दिलेला होता. म्हणून २०२२ मध्ये सदस्य देशांनी हा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवून २०३०-३१ पर्यंत मूळ अर्थसंकल्पाच्या निम्म्यावर नेण्याचे उद्दिष्ट मान्य केले. ज्या संस्थेचा बहुतांश पैसा बांधील आहे, तिचे अग्रक्रम तिच्या सर्वसाधारण सभेपेक्षा देणगीदार अधिक ठरवतात, आणि हे मनोगताच्या पानावर कधीही लिहिलेले नसते.

उत्पन्नाच्या तक्त्यात आणखी दोन बाबी आहेत. अनेक वर्षांसाठी कबूल झालेली देणगी, तिला परत करण्याची अट जोडलेली नसेल तर, कराराच्या वर्षीच पूर्ण उत्पन्न म्हणून नोंदली जाऊ शकते, तर खर्च पुढील वर्षांत पडतो. त्यामुळे एका वर्षी प्रचंड शिल्लक आणि पुढच्या वर्षी मोठी तूट असे चित्र दिसते, ज्यात आनंदाचे किंवा घबराटीचे काहीच नसते. दुसरी बाब येणे वर्गणीची. ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसणारी ही रक्कम किती वर्षे जुनी आहे ते टिपांत पाहावे, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १९ व्या कलमानुसार दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली की सदस्य देश महासभेतील मताचा हक्क गमावतो, तरीही थकबाकी असतेच, आणि हाती रोख रक्कम नसलेली संस्था कागदावर सुस्थितीत दिसू शकते.

टिपांत काय शोधावे

टिपा कंटाळवाण्या असतात, हे मान्य. तरीही वेळ थोडाच असेल तर मतानंतर थेट येथे यावे आणि पुढील बाबी शोधाव्यात: संस्थेने इतरांच्या कर्जाला दिलेल्या हमी, न्यायालयात चालू असलेले दावे, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे आणि निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय विम्याचे देणे, बुडीत म्हणून सोडून दिलेल्या रकमा, उघडकीस आलेली फसवणूक, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे एकूण वेतन आणि ताळेबंदाच्या तारखेनंतर घडलेल्या घटना. संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्थांत निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय विम्याचे देणे हे ताळेबंदातील सर्वांत मोठ्या दायित्वांपैकी एक असते आणि त्यासाठी पुरेसा निधी बाजूला काढलेला आहे का, याचे उत्तर एखाद्या उपटिपेत मिळते.

हमीची टीप विशेष काळजीने वाचावी. सरकारने हमी दिलेले कर्ज सरकारच्या स्वतःच्या कर्जात दिसत नाही, पण कर्जदार बुडाला की ते सरकारवर येऊन पडते. मोझांबिकमध्ये सरकारी पाठबळाच्या कंपन्यांनी घेतलेली आणि सरकारने हमी दिलेली, पण जाहीर न केलेली एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची कर्जे २०१६ मध्ये उघडकीस आली. नाणेनिधीने अर्थसाहाय्य थांबवले आणि देश गंभीर आर्थिक संकटात सापडला. लेख्यांत जे नाही ते टिपांत शोधायचे, आणि टिपांतही नसेल तर त्याविषयी प्रश्न विचारायचा.

वगळण्याची कला फार जुनी आहे. फ्रान्सचे अर्थमंत्री झाक नेकेर यांनी १७८१ मध्ये राजाला सादर केलेला जमाखर्चाचा अहवाल छापून लोकांसाठी खुला केला, आणि राज्याचा हिशेब अशा रीतीने चव्हाट्यावर येण्याचा तो प्रसंग युरोपभर गाजला. त्यात सुमारे एक कोटी दोन लाख लिव्ह्रची (तेव्हाचे फ्रेंच चलन) शिल्लक दाखवलेली होती. ती केवळ सामान्य जमाखर्चाची होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर होणारा आणि कर्ज काढून भागवलेला असाधारण खर्च त्यात धरलेलाच नव्हता. आजही ‘नियमित’, ‘मूळ’, ‘एकवेळचे खर्च वगळता’ अशा विशेषणांमागे काय वगळले आहे ते वाचकाने स्वतः बेरीज करून पाहावे.

कामगिरीचे आकडे

पैशाचा हिशेब संपल्यावर त्या पैशातून काय झाले, हा प्रश्न येतो, आणि येथे मानके सैल आहेत. अमेरिकेने १९९३ च्या कायद्याने संघराज्यातील विभागांना उद्दिष्टे आधी जाहीर करून वर्षाअखेर त्यांवर अहवाल देण्याचे बंधन घातले, आणि २०१० मध्ये त्यात सुधारणा केल्या. इतर अनेक देशांत आणि संस्थांत अशाच पद्धती आल्या. तरीही कामगिरीच्या तक्त्यावर बहुधा लेखापरीक्षकाचे मत नसते. तसे मत आहे का, हे आधी पाहावे.

प्रत्येक आकड्याबाबत तो खर्च मोजतो, केलेले काम मोजतो की झालेला परिणाम मोजतो, हे समासात लिहावे. इतक्या परिचारिकांना प्रशिक्षण दिले, हे काम आहे. बाळंतपणातील मृत्यू कमी झाले, हा परिणाम आहे. पहिल्या प्रकारचे आकडे संस्थेच्या हातात असतात म्हणून अहवालात तेच जास्त भरलेले असतात. परिणामाच्या आकड्यांत उलटा दोष आढळतो: देशाचा मृत्युदर घटला की त्याचे श्रेय तेथे एक लहान प्रकल्प चालवणारी संस्थाही घेते. त्या बदलात संस्थेचा वाटा किती, हे सांगण्याचा प्रयत्न तरी केलेला आहे का, हे पाहावे.

नंतर आदल्या वर्षाचा अहवाल जवळ घ्यावा आणि त्यातील प्रत्येक निर्देशक या वर्षी आहे का ते तपासावे. हे काम किचकट आहे, तास-दोन तास जातात, पण त्याला पर्याय नाही. गायब झालेला निर्देशक, बदललेली व्याख्या, पुढे ढकललेले लक्ष्यवर्ष आणि ‘प्रगतिपथावर’ असा शेरा मारून सोडून दिलेले उद्दिष्ट या गोष्टी एका अहवालात दिसत नाहीत, दोन अहवाल शेजारी ठेवल्यावरच दिसतात. टक्केवारी दिली असेल तर मूळ संख्या शोधावी. दोनाचे चार झाले तरी वाढ शंभर टक्केच होते. रकमेची वाढ दिली असेल तर महागाई वजा केली आहे का ते पाहावे.

आदल्या वर्षाचे आकडेच या वर्षीच्या अहवालात बदललेले दिसले तर तेथे थांबावे. पुनर्मांडणी प्रामाणिक असू शकते आणि तिचे कारण टिपेत दिलेले असले पाहिजे. पण ती कधी कधी भूकंपाची पहिली खूण असते. ग्रीसची २००९ ची अर्थसंकल्पी तूट त्या वर्षीच्या वसंतात देशांतर्गत उत्पन्नाच्या ३.७ टक्के राहील असे कळवले गेले होते. ऑक्टोबरमध्ये सत्तांतरानंतर तो आकडा १२.५ टक्क्यांवर गेला आणि पुढील तपासणीत १५ टक्क्यांच्याही पुढे. त्याआधी अनेक वर्षे युरोपीय सांख्यिकी कार्यालयाने ग्रीसच्या आकड्यांवर वारंवार शेरे मारलेले होते. ते शेरे जाहीरच होते आणि कोणालाही वाचता आले असते.

मनोगत आता वाचावे. त्यातील प्रत्येक ठाम विधानासमोर त्याचा आधार असलेल्या तक्त्याचा पृष्ठक्रमांक लिहिता येतो का, ते पाहावे. येत नसेल त्या विधानाखाली रेघ मारून ठेवावी.

अहवालानंतर

वाचून झाल्यावर हाती आठ-दहा प्रश्नांची यादी उरली पाहिजे, आणि ती योग्य ठिकाणी पोहोचली पाहिजे. सरकारी लेख्यांच्या बाबतीत ते ठिकाण बहुधा सरकारी खर्चाची छाननी करणारी संसदेची लोकलेखा समिती असते. ब्रिटनमध्ये ही समिती १८६१ मध्ये स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद प्रथेने विरोधी पक्षाकडे असते, आणि तोच नमुना राष्ट्रकुलातील अनेक देशांनी उचलला. समितीपुढील साक्षींची टिपणे अनेकदा अहवालापेक्षा वाचनीय असतात, कारण तेथे सचिवांना उपप्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. संयुक्त राष्ट्रांत हे काम महासभेच्या अर्थसंकल्पाचे विषय हाताळणाऱ्या पाचव्या समितीत आणि तिला सल्ला देणाऱ्या प्रशासकीय व अर्थसंकल्पी सल्लागार समितीत चालते, आणि त्या सल्लागार समितीची निरीक्षणे मुळातून वाचण्याजोगी असतात. सामान्य वाचकाने प्रश्न पाठवताना अहवालाचे पान, तक्ता आणि ओळ नमूद करावी व एका प्रश्नात एकच बाब विचारावी. ‘खर्च का वाढला’ या प्रश्नाला गोलमोल उत्तर देता येते, तर ‘अमुक शीर्षाखालील तरतूद मूळ अर्थसंकल्पात इतकी होती, ती अंतिम अर्थसंकल्पात शून्यावर आली आणि तिचे कारण टिपेत नाही, ते काय’ या प्रश्नाला तसे उत्तर देणे कठीण जाते. माहितीच्या अधिकाराचा कायदा असलेल्या देशांत हाच प्रश्न अर्जाच्या रूपात विचारता येतो.

आणि पुढच्या वर्षी तोच अहवाल पुन्हा आला की लेखापरीक्षकांच्या मागील शिफारशींची स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यापासून वाचनाला सुरुवात करावी. संयुक्त राष्ट्रांचे लेखापरीक्षण मंडळ प्रत्येक जुन्या शिफारशीपुढे ती अमलात आली, अमलात येत आहे, अमलात आली नाही की परिस्थिती बदलल्यामुळे गैरलागू ठरली, यांपैकी एक नोंद करते. ‘अमलात येत आहे’ या रकान्यात तीच शिफारस किती वर्षांपासून बसलेली आहे, ते मोजावे.